विद्यार्थी परिषदेची अध्यक्ष झालीस, आता वर्षभर काय करायचं?

तासगावहून रोज एसटीने सांगलीला येणाऱ्या, बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षातल्या एका मुलीचा प्रश्न आहे. कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेची अध्यक्ष म्हणून तिची निवड झाली आहे. ती विचारते, हे पद नुसतं नावाचं असतं का? गॅदरिंग सोडून यात करण्यासारखं काय असतं? एका पक्षाच्या तालुक्यातल्या पदाधिकाऱ्याचा सत्कारासाठी फोन आला आहे, त्याला काय सांगायचं? आणि घरचे म्हणतात अभ्यास बुडेल, त्याचं काय?

मी सांगली जिल्ह्यातच शिकले, विद्यार्थिनी असताना जी.एस. (कॉलेजच्या विद्यार्थ्यांची सरचिटणीस) होते आणि पुढे प्राध्यापक म्हणून बरीच वर्षं विद्यार्थी परिषदेच्या समन्वयाचं काम पाहिलं. त्यामुळे सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी. या पदाला आदेश देण्याचा अधिकार एकही नाही. वाचनालय अर्धा तास जास्त उघडं ठेवा, एवढंही तू कुणाला फर्मावू शकत नाहीस. पण लेखी विचारण्याचा आणि जिथे निर्णय होतात त्या टेबलाशी बसण्याचा हक्क तुला आहे. बहुतेक अध्यक्ष हा हक्क न वापरताच वर्ष काढतात. सत्कार होतो, फोटो निघतात, गॅदरिंग पार पडतं आणि निकाल लागला की पद संपतं. मुलांचा अडकलेला प्रश्न नीट कागदावर आणायचा आणि त्याचं उत्तर येईपर्यंत पाठ सोडायची नाही, हेच तुझं काम आहे. बाकी सगळं त्यानंतर.

तू कदाचित मनात म्हणत असशील की मला मुलांनी मतं देऊन निवडलेलं नाही, मग मी कुणाच्या वतीने बोलू? ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. महाराष्ट्रात एकेकाळी कॉलेजच्या निवडणुका थेट मतदानाने व्हायच्या. पॅनेल उभी राहायची, प्रचार व्हायचा, मारामाऱ्याही व्हायच्या. १९८९ मध्ये मुंबईत अशाच निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थ्याचा खून झाला. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट मतदान बंद झालं. वर्गात गुणांनी पहिला येईल तो वर्ग प्रतिनिधी आणि या प्रतिनिधींनी आपल्यातून सचिव निवडायचा, अशी पद्धत आली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशी लागू केल्या. त्यात उमेदवाराला ७५ टक्के हजेरी हवी, खर्च ५,००० रुपयांच्या आत हवा, छापील पोस्टर चालणार नाहीत असे नियम होते. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने मतदान पुन्हा आणलं, २०१९ मध्ये निवडणुकांची तयारीही झाली, पण त्या पुढे ढकलल्या गेल्या.

म्हणून मतं मिळाली नाहीत याचा संकोच धरू नको, पण त्यातली उणीव भरून काढ. गुणांवरून आलेल्या परिषदेत बहुतेक वेळा पहिल्या बाकावरची मुलं असतात. जतहून, आटपाडीहून येणारी, अर्धवेळ काम करणारी, तास चुकवून शेतात जावं लागणारी मुलं त्यात दिसत नाहीत. पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक वर्गात जा, अगदी पाच मिनिटं. भाषण करू नको. स्वतःचं नाव सांग, कुठे आणि कधी भेटशील ते सांग आणि एक वही वर्ग प्रतिनिधीकडे ठेव. तक्रारपेटी ठेवायचा मोह होईल. पेटीत निनावी चिठ्ठ्या पडतात, अर्ध्या टवाळीच्या असतात आणि उरलेल्यांचं उत्तर कुणाला द्यायचं हेच कळत नाही. वहीत नाव, तारीख आणि अडचण असते, आणि आठवड्याने त्याच पानावर काय झालं ते लिहिता येतं. उत्तर 'नाही' असलं तरी लिही. मुलांचा विश्वास तिथूनच बसायला लागतो.

दुसरं, प्राचार्यांकडून दोन गोष्टी लेखी माग. एक, तुझ्या निवडीचं पत्र. दोन, महाविद्यालय विकास समितीची सदस्य असल्याचं पत्र. ही समिती म्हणजे रोजच्या बोलण्यातली सी.डी.सी. २०१६ च्या कायद्याच्या कलम ९७ नुसार विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव दोघेही तिचे सदस्य असतात. संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांचा प्रतिनिधी, संस्थेचे सचिव, एक विभागप्रमुख, निवडून आलेले शिक्षक, एक शिक्षकेतर कर्मचारी, बाहेरचे स्थानिक सदस्य आणि प्राचार्य, असे सगळे तिथे असतात. वर्षातून किमान चार बैठका व्हायला हव्यात. कॉलेजचं अंदाजपत्रक, विकास आराखडा, विद्यार्थी कल्याणाची कामं, शिस्त आणि सुरक्षितता हे विषय तिथेच येतात. माझ्या पाहण्यात कितीतरी अध्यक्षांना वर्ष संपेपर्यंत आपण या समितीवर आहोत हेच माहीत नव्हतं. काहींना माहीत होतं, पण ते गेले, चहा घेतला, सही केली आणि आले.

तिथे कसं वागायचं ते सांगते. बैठकीची नोटीस आली की विषयपत्रिका वाच आणि मागच्या बैठकीचं इतिवृत्त माग. आपला विषय बैठकीत ऐनवेळी काढू नको. आठ-दहा दिवस आधी एका पानाचा अर्ज प्राचार्यांच्या नावे दे, आवक-जावकमध्ये त्याची नोंद करून घे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घे. पोच मागताना लाजू नको, ऑफिसच्या कामात ती रोजची गोष्ट आहे. अर्जात एकच विषय असू दे. दहा मागण्यांच्या निवेदनावर 'योग्य ती कार्यवाही करू' एवढंच उत्तर येतं.

माझ्या वेळच्या एका अध्यक्ष मुलीची गोष्ट सांगते. प्रयोगशाळांच्या मजल्यावरचं मुलींचं स्वच्छतागृह दुपारनंतर कुलूपबंद असायचं. तक्रार जुनी होती, आधीच्या प्रत्येक परिषदेने 'स्वच्छतागृहाची दुरवस्था' असं निवेदन दिलेलं होतं. या मुलीने आधी सेवक मावशींना जाऊन विचारलं, कुलूप का लावता? उत्तर साधं होतं. मावशींची ड्यूटी दोनला संपायची आणि चावी ऑफिसात जमा करावी लागायची. मुलीने वेळापत्रकावरून काढलं की दोन ते साडेपाच या वेळात कोणत्या दिवशी किती मुलींची प्रॅक्टिकल्स असतात. अर्जात तेवढाच तक्ता दिला आणि खाली लिहिलं की दोघींपैकी एका मावशींची वेळ अकरा ते साडेपाच केली तर प्रश्न सुटेल, मावशींची याला हरकत नाही. पैशाची गरजच नव्हती, त्यामुळे तो अर्ज समितीपर्यंत जायच्या आधीच मंजूर झाला. आधीची निवेदनं खोटी नव्हती, पण चावी कुणाकडे असते हे त्यांतल्या एकातही लिहिलेलं नव्हतं.

चावी कुणाकडे असते हे शोधायची सवय लाव. त्यासाठी ऑफिसमधल्या माणसांशी ओळख हवी. अधीक्षक, शिष्यवृत्तीचं टेबल बघणारे लिपिक, ग्रंथपाल, वसतिगृहाचे रेक्टर, शिपाई मामा. ही माणसं तुझ्या आधीपासून तिथे आहेत आणि नंतरही असणार आहेत. त्यांच्याशी हुकमी आवाजात बोललीस तर कागद खाली जातो. मान देऊन बोललीस तर तेच तुला सांगतील की या अर्जाला अमुक दाखला जोड, म्हणजे लगेच पुढे जाईल.

शिष्यवृत्तीचा विषय मी वेगळा काढते, कारण सांगलीच्या ग्रामीण मुलांसाठी याच्याइतकं महत्त्वाचं काम परिषदेला दुसरं नाही. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज मुलगा भरतो, मग तो कॉलेजच्या लॉगिनला येतो, तिथून संबंधित सरकारी विभागाच्या लॉगिनला जातो आणि मंजूर झाला की पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात. मुलाला फक्त 'पेंडिंग' दिसतं आणि तो दर आठवड्याला खिडकीवर जाऊन परत येतो. तू परिषदेतल्या तीन-चार जणांना घेऊन वर्गवार यादी कर. अर्जाचा क्रमांक, योजना, अर्ज कोणत्या पायरीवर आहे आणि कशासाठी परत आला आहे, एवढे रकाने पुरे. बहुतेक अर्ज मोजक्या कारणांनी अडतात. तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली असते, आधार बँक खात्याला जोडलेलं नसतं, दाखल्यावरच्या आणि अर्जावरच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असतो, नाहीतर मागच्या वर्षीचा निकाल चुकीचा भरलेला असतो. यातली बरीच कारणं मुलाच्या हातात असतात, पण त्याला ती कुणी सांगितलेली नसतात. जे अर्ज खरोखर कॉलेजच्या लॉगिनला पडून आहेत त्यांची यादी वेगळी करून प्राचार्यांना दे. वैयक्तिक तक्रार झाली की लिपिकाला ती आपल्यावर आल्यासारखी वाटते. यादी आली की ते काम होतं आणि एका दुपारी उरकता येतं.

एसटीचंही तसंच. विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा भरायचा. पण प्रॅक्टिकल सुटायच्या दहा मिनिटं आधी गाडी निघून गेली तर त्या पासाचा उपयोग काय? 'गाड्या वाढवा' असं लिहू नको. मार्ग, त्या मार्गावरचे आपल्या कॉलेजचे पासधारक, प्रॅक्टिकल सुटायची वेळ, गाडी निघायची वेळ, असं लिही आणि प्राचार्यांच्या सहीचं पत्र घेऊन आगारप्रमुखांना दोघी-तिघींनी भेट. शेजारच्या एखाद्या कॉलेजच्या परिषदेची यादी सोबत जोडता आली तर पत्राचं वजन वाढतं. वेळ बदलणं नवी गाडी मिळवण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं.

यादी, रकाने, नोंदी यांवर मी इतका भर का देते ते ऑगस्ट २०१९ च्या महापुरावरून सांगते. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. सांगलीचा निम्मा भाग, पलूस तालुक्यातली नदीकाठची गावं, सगळीकडे पाणी. पूर ओसरल्यावर महाराष्ट्रभरातून मदत आली आणि ती देणाऱ्यांचे उपकार विसरता येणार नाहीत. पण जुन्या कपड्यांचे ढीग पडून राहिले आणि ज्या मुलाची पुस्तकं, प्रॅक्टिकलच्या वह्या, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका चिखलात गेल्या होत्या, त्याला नेमकं काय हवंय हे विचारणारं कुणी नव्हतं. आमच्या परिषदेच्या मुलांनी घराघरांत चिखल उपसला, त्याचा मला अभिमान आहेच. त्याहून मोठं काम मात्र वर्ग प्रतिनिधींनी फोनवरून केलं. प्रत्येक मुलाला एकेक प्रश्न विचारून त्यांनी यादी केली, पुस्तकं कोणती गेली, कोणती कागदपत्रं गेली, राहायला जागा आहे का, परीक्षा शुल्क भरता येईल का. त्या यादीमुळे ग्रंथालयाने पुस्तकांचे संच वर्षभरासाठी दिले, दुय्यम गुणपत्रिकांचे अर्ज एकगठ्ठा पाठवता आले आणि माजी विद्यार्थ्यांनी फोन करून 'काय पाठवू' विचारलं तेव्हा आमच्याकडे नेमकं उत्तर होतं. आपण कृष्णाकाठी राहतो. पावसाळा सुरू व्हायच्या आधी पूररेषेतल्या गावांतल्या मुलांचे आणि त्यांच्या नातेवाइकांचे फोन नंबर वर्ग प्रतिनिधींकडे असायलाच हवेत. आणि ते लोकांपुढे फिरवायचे नाहीत, हेही त्यांना बजाव.

आता एक नाजूक विषय. मुलगी अध्यक्ष असली की मुली येऊन मन मोकळं करतात. कधीतरी कुणीतरी छेडछाडीबद्दल सांगेल आणि म्हणेल, ताई, कुणाला सांगू नका. ऐकून घे. तिला दोष देणारा एकही शब्द बोलू नको. पण प्रकरण आपण मिटवू म्हणून त्या मुलाला बोलावून दम देणं, दोघांना समोरासमोर बसवणं, हे कधीही करायचं नाही. त्याने तिचंच नुकसान होतं आणि पुढे पुराव्याचाही घोळ होतो. कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते, सबळ कारण असेल तर ही मुदत वाढते, चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची असते आणि नावं गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. हे सगळं तिला समजावून सांग, ती तयार झाली तर तिच्यासोबत जा, अर्ज लिहायला मदत कर. निर्णय तिचा.

रॅगिंगच्या बाबतीत मात्र थांबायचं नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २००९ च्या नियमांनुसार प्रकरण गुन्ह्यात मोडत असेल तर संस्थाप्रमुखाने २४ तासांत पोलिसांत नोंद करायची असते. १८००-१८०-५५२२ हा हेल्पलाइन नंबर वसतिगृहाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून घे. 'आमच्यावेळी पण झालं होतं, त्याने काय होतंय' असं म्हणणारे सीनियर भेटतील. त्यांचं ऐकू नको.

इतर शैक्षणिक तक्रारी, म्हणजे गुण, शुल्क, मूळ कागदपत्रं अडवून ठेवणं, यांच्यासाठी यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तक्रार मिळाल्यापासून १५ कामाच्या दिवसांत तिने अहवाल द्यायचा असतो. हा आकडा अर्जात नम्रपणे लिहिला तरी फरक पडतो.

प्राचार्यांशी नातं कसं असावं, हे तू विचारलेलं नाहीस, पण यावर बरंच अवलंबून आहे. मतभेद झाले तर आधी समोर जाऊन बोलायचं, एकटीने जायचं नाही, सचिवाला सोबत घ्यायचं आणि बाहेर आल्यावर काय ठरलं ते दोन ओळींत लिहून त्यांनाच पाठवायचं. प्राचार्यांना जी गोष्ट सांगितली नाही ती व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची नाही. उलट बाजूनेही सांगते, कॉलेजची सूचना मुलांना गोड करून सांगणं हे अध्यक्षाचं काम नव्हे. शुल्कवाढ झाली असेल तर ती का झाली ते विचार, उत्तर जसंच्या तसं मुलांपुढे ठेव आणि मुलांचं म्हणणं तसंच्या तसं आत ने. ग्रुपवर पोस्ट टाकण्याची मुभा फक्त अॅडमिनना ठेव, नाहीतर रात्री अकरानंतर तो ग्रुप तुझ्या हातात राहत नाही.

गॅदरिंगबद्दल थोडक्यात. पैसे स्वतःच्या हातात घेऊ नको आणि वर्गणी तुझ्या फोनपेवर तर अजिबात नको. उचल, म्हणजे खर्चाची आगाऊ रक्कम, समन्वयक शिक्षकांच्या नावे निघू दे. मंडप, साउंड, जेवण यांची तीन-तीन दरपत्रकं घे, पक्की बिलं त्याच दिवशी जमा कर आणि कार्यक्रम संपल्यावर जमाखर्च नोटीस बोर्डावर लाव. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक कायद्यानेच बंद असतो, पण तू पाचलाच आटप, कारण शिराळ्याची, जतची मुलगी शेवटचा नाच बघायला थांबली तर घरी कशी जाईल? फिशपाँड (एकमेकांची थट्टा करणाऱ्या निनावी ओळी) ठेवायचेच असतील तर दोन शिक्षिका आणि दोन मुली आधी वाचतील असं ठरव. जात, रंग, शरीर यांवरचं एकही स्टेजवर येता कामा नये. आणि युवा महोत्सवाला गॅदरिंगपेक्षा जास्त लक्ष दे. सांगली ही विष्णुदास भाव्यांची, मराठी नाटकाची भूमी आहे. शिवाजी विद्यापीठाच्या महोत्सवात लोकनृत्याला आणि लघुनाटिकेला उतरलेली खेड्यातली मुलं वर्षभरात कशी बदलतात ते मी पाहिलंय. त्यांच्या तालमीला जागा, दिवा आणि चहा मिळतो का, एवढं तू पाहा.

त्या पदाधिकाऱ्याच्या फोनचं. आपल्या भागात साखर कारखाना, दूध संघ, पंचायत समिती आणि कॉलेज यांची माणसं एकमेकांत गुंतलेली असतात, तुझे चुलते-मामाही त्यात असतील, म्हणून तोडून बोलायची गरज नाही. पण परिषदेने राजकीय कामात पडायचं नाही असं कायद्यातच आहे, आणि ते तुझ्या कामी येईल. सरळ सांग, 'दादा, पदावर असेपर्यंत नियमाने मला येता येत नाही. वर्ष संपू दे, मग घरी येऊन भेटते.' सत्कार घेतलास की दुसऱ्या दिवशी तुझ्या फोटोचा फ्लेक्स लागतो आणि दुसऱ्या गटातल्या मुलांना तुझ्याकडे वहीत नाव लिहायला अवघड वाटायला लागतं. तुझं वैयक्तिक मत तुझं, मतदानाचा हक्क तुझा. पुढे राजकारणात जावंसं वाटलं तर जरूर जा, मला आनंदच होईल. पण या वर्षी नको.

अभ्यासाचं घरच्यांना शब्दाने पटणार नाही, वेळापत्रक दाखव. परिषदेचं काम आठवड्यातून दोनच दिवस, दुपारच्या सुट्टीत, ठरलेल्या जागी. बाकी वेळी कुणी आलं तर वही दाखवायची. कार्यक्रमासाठी तास बुडणार असेल तर ऑन-ड्यूटी हजेरीचं पत्र आधी घ्यायचं, नंतर मागितलं की शिक्षकांनाही अवघड होतं. तासगावची शेवटची सोयीची गाडी कोणती ते समन्वयक शिक्षकांना आत्ताच सांगून ठेव आणि त्यानंतरची कोणतीही बैठक मान्य करू नको. सेमिस्टरच्या परीक्षेआधी तीन आठवडे सचिव सगळं काम पाहील, असं पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घे आणि त्या इतिवृत्ताची एक प्रत घरी वडिलांना वाचायला दे.